कुतूहल : नाटकाचा खर्च कोण उचलतो?

प्रश्न : हरिहरेश्वरात आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. शिमग्याच्या दिवसांत एक जर्मन जोडपं उतरलं होतं. जवळच्या वाडीत रात्री नमन होतं, म्हणून त्यांनाही घेऊन गेलो. परतताना बाई म्हणाल्या, "आमचं गाव पंचवीस हजार वस्तीचं. पण गावाचं स्वतःचं रंगमंदिर आहे, पगारी नट आहेत, गायक आहेत, वादक आहेत, आणि बराचसा खर्च सरकार करतं." मला काही ते खरं वाटेना. एवढ्याशा गावाला हे परवडतं कसं? आपल्याकडे असं कधी काही होतं का? आणि आमच्या नमनाला, बाल्या नाचाला नाटक म्हणायचं की नाही?
— एक वाचक, हरिहरेश्वर (ता. श्रीवर्धन)

उत्तर : बाईंनी थाप मारलेली नाही. गावाचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, पण वर्णन थुरिंगिया राज्यातल्या मायनिंगनला चपखल बसतं. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, आणि रंगमंदिराला स्वतःचे नट, स्वतःचे गायक, स्वतःचा वाद्यवृंद. हा वाद्यवृंदही ऐरागैरा नव्हे. संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी जगात पहिल्यांदा वाजली ती १८८५ साली, याच गावात. सार्वजनिक पैशांवर चालणारी अशी सुमारे १४० रंगमंदिरं आज जर्मनीत आहेत. तिकिटं आणि इतर कमाई धरून खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा सुटतो. बाकीचा भार राज्य सरकारं आणि नगरपालिका वाहतात.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : नाटकाचा खर्च कोणी उचलायचा? त्याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं निघालं आणि रंगभूमीही तशी तशी वेगळी घडली. म्हणून क्रमाने पाहू.

एवढ्याशा गावाला रंगमंदिर कसं मिळालं?

राजांच्या हौसेतून आणि भाऊबंदकीतून. १८७१ पर्यंत जर्मनी हा एक देश नव्हताच. लहानमोठी कितीतरी संस्थानं होती. थुरिंगियात तर दिवसभर चाललं की दुसऱ्या राजाची हद्द लागे : वायमार, गोथा, मायनिंगन, आल्टेनबुर्ग, रुडोलश्टाट. फौजफाट्यात बलाढ्य प्रशिया राज्याशी बरोबरी करणं यांतल्या कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. मग चढाओढ लागली ती ग्रंथालयांत, संगीतात आणि नाटकात. गोथाच्या दरबाराने १७७५ मध्ये पगारी नटांची कायमची मंडळी ठेवली. वायमारच्या दरबारी रंगमंदिराचा कारभार १७९१ पासून १८१७ पर्यंत खुद्द महाकवी गटेने पाहिला.

मायनिंगनची गोष्ट यात सगळ्यांत रंगतदार. १८६६ साली गादीवर आलेला तिथला ड्यूक, दुसरा गेओर्ग, चित्रकार होता. देखावे आणि पोशाख तो स्वतः रेखाटायचा. १८७३ मध्ये त्याने आपल्याच मंडळीतल्या एलेन फ्रान्झ या नटीशी लग्न केलं. नट तयार करण्याचं काम एलेनकडे, तालमींची शिस्त लुडविग क्रोनेककडे आणि अंतिम शब्द ड्यूकचा. या तिघांनी एक नियम घालून दिला : आज जो नायक आहे त्याने उद्या भालाईत म्हणून उभं राहायचं, कुरकुर चालणार नाही. रंगमंचावरच्या गर्दीचे लहान गट पाडायचे आणि प्रत्येक गटावर एक मुरलेला नट नेमायचा. त्यामुळे जमाव नुसता ओरडणारा घोळका राहिला नाही. त्यातल्या प्रत्येक माणसाला काहीतरी करायला मिळालं.

१ मे १८७४ ला ही मंडळी बर्लिनला शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' घेऊन गेली आणि राजधानी थक्क झाली. पुढे १८९० पर्यंत त्यांचे दौरे युरोपभर चालले, प्रयोगांची संख्या अडीच हजारांवर गेली. १८९० मध्ये मॉस्कोला त्यांचे प्रयोग पाहणाऱ्यांत पुढे थोर रशियन दिग्दर्शक झालेला तरुण स्तानिस्लाव्हस्की होता. आधुनिक दिग्दर्शनाचा इतिहास सांगताना या आडगावच्या मंडळीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ५ मार्च १९०८ ला तिथलं रंगमंदिर आगीत खाक झालं. म्हाताऱ्या ड्यूकने नवं बांधायला घेतलं आणि १९०९ च्या डिसेंबरात ते उघडलंही.

राजे गेले, मग खर्च कोणी उचलला?

खरी कसोटी इथेच होती. पहिलं महायुद्ध हरल्यावर १९१८ साली जर्मनीतले सगळे राजे पायउतार झाले. दरबारी रंगमंदिरं बंद पडायला हवी होती. ती पडली नाहीत. बहुतेकांचा ताबा नव्या राज्य सरकारांनी आणि नगरपालिकांनी घेतला. तोवर शहरातल्या मध्यमवर्गाला वर्षाची वर्गणी भरून ठराविक वारी ठराविक खुर्चीत बसायची सवय लागली होती. राजाचं म्हणून बांधलेलं रंगमंदिर लोकांना आपलं वाटू लागलं होतं.

सरकारी पैशाला सरकारी हातही चिकटून येतो, हेही तिथल्या लोकांनी भोगलं. हिटलरच्या राजवटीत ज्यू कलावंतांना हाकलून लावण्यात आलं, रंगमंदिरं प्रचाराला जुंपली गेली आणि युद्ध अंगाशी आल्यावर १९४४ च्या सप्टेंबरात सरसकट बंद करण्यात आली. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत संस्कृतीचा कारभार मुख्यतः राज्यांकडे सोपवला गेला, त्यामागे हा अनुभव होता. १९९० च्या एकीकरणानंतर तिजोरीला ओढ लागली तेव्हा कुठे दोन शेजारच्या रंगमंदिरांचा संसार एक झाला, कुठे टाळं लागलं. बर्लिनचं नावाजलेलं शिलर थिएटर १९९३ मध्ये बंद झालं. म्हणजे तिथेही "नाटकाला एवढे पैसे कशाला?" हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत विचारला जातोच.

या पैशाच्या बदल्यात गावाला काय मिळतं? एक तर दर आठवड्याला आलटून पालटून वेगवेगळे खेळ. दुसरं, नाताळाआधी मुलांसाठी परीकथेवरचं नाटक, ज्याला शाळाच्या शाळा लोटतात. कित्येक जर्मन माणसांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं नाटक हेच असतं. तिसरं, ज्या गावांना स्वतःची मंडळी नाही तिथे जाऊन खेळ करणारी फिरती सरकारी रंगमंदिरंही आहेत. आणि सुतार, शिंपी, रंगभूषाकार, दिवेवाले असे बरेच लोक गावातच राहून या कामावर पोट भरतात.

आपल्याकडे असं काही होतं का?

होतं. तेही जवळजवळ तसंच सुरू झालं होतं. थुरिंगियातल्या राजांसारखीच दक्षिण महाराष्ट्रात पटवर्धनांची संस्थानं होती : सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड. सांगलीचे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी खेळ केला. तसा खेळ मराठीत व्हावा असं अप्पासाहेबांच्या मनात आलं. काम दिलं पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. म्हणजे मराठी नाटकाचा पहिला खर्च एका संस्थानिकाने उचलला, अगदी मायनिंगनसारखा.

फाटा फुटला तो पुढे. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि भाव्यांचा आश्रय तुटला. भार घ्यायला ना नगरपालिका होती, ना वर्गणीदार प्रेक्षक. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. त्या दिवसापासून मराठी नाटक तिकिटावर जगायला शिकलं.

तिकिटाने आपल्याला बरंच दिलं, हे नाकबूल करता येणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं. त्यानंतर किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व, बलवंत अशा मंडळ्यांनी बैलगाडीने आणि रेल्वेने महाराष्ट्र पिंजून काढला. नाट्यसंगीत घरोघर पोचलं ते त्यांच्यामुळे. पण यांतली कुठलीही मंडळी एका गावाची नव्हती. जिथे गल्ला तिथे मुक्काम. १९३१-३२ च्या सुमारास बोलपट आला, गल्ला तिकडे वळला आणि काही वर्षांत एकेक मंडळी मोडत गेली. जर्मनीतही सिनेमा आलाच होता. पण तिथल्या नटाचा पगार त्या रात्रीच्या गल्ल्यावर अवलंबून नव्हता.

राजाश्रयाची एक खूण आपल्याकडे उरली आहे, ती कोल्हापुरात. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुलं झालं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, तेही आगीत सापडलं. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले आणि सरकारने ते पुन्हा उभारण्याचं ठरवलं. चांगलंच झालं. पण मायनिंगनशी ताडून पाहिलं तर एक फरक डोळ्यांत भरतो. आपल्याकडे सार्वजनिक पैसा भिंती, छत आणि खुर्च्या यांपर्यंत जातो. नगरपालिका नाट्यगृह बांधते आणि तारखेप्रमाणे भाड्याने देते. आज नाटक, उद्या शाळेचं स्नेहसंमेलन, परवा एखाद्या पक्षाचा मेळावा. त्या रंगमंचावर उभं राहणाऱ्या माणसाच्या महिन्याची तजवीज त्यात नाही. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा हौशी मंडळींना मोठा आधार देते, पण तो वर्षातून एकदा.

मग नमन आणि बाल्या नाच?

यांना नाटक म्हणायचंच. नुसतं नाटक नव्हे, ही तुमच्या भागातली प्रादेशिक रंगभूमी आहे, आणि तिचा जमाखर्च सांगली किंवा मायनिंगन यांच्यापेक्षा निराळा आहे.

आधी खेळ पाहू. दक्षिण रायगडात आणि सावित्रीच्या पलीकडे मंडणगड, दापोलीपासून खाली रत्नागिरीपर्यंत नमनाची रीत साधारण सारखी आहे. मृदंग आणि झांजांवर आधी नमन होतं : धरतीला, दिशांना, ग्रामदेवतेला, आजूबाजूच्या गावांच्या देवांना. नमनालाच घडाभर तेल जाळायचा हा भाग. पण म्हातारी माणसं त्यासाठीच लवकर येऊन बसतात, कारण आपल्या वाडीच्या देवाचं नाव राहून गेलं तर उद्या जाब विचारायचा असतो. मग गण, मग गौळण. कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांच्या चेष्टांवर बायका पदर तोंडाला लावून हसतात. गौळणी म्हणजे लुगडं नेसलेले बाप्ये. आता काही मंडळांत मुलीही उभ्या राहू लागल्या आहेत. मध्येच काळ्या पेहरावात, उंच टोकदार टोपी घालून, कमरेची घुंगरं वाजवत संकासूर घुसतो आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या मांडीवर चढतात. शेवटी पौराणिक किंवा ऐतिहासिक वग, तो उजाडेपर्यंत.

बाल्या नाच, म्हणजे जाखडी, हा मुख्यतः गौरी-गणपतीतला. मधोमध ढोलकी, झांजा आणि बुवा. भोवती पायात चाळ बांधलेल्यांचं रिंगण. त्याचा जोरकस प्रकार म्हणजे शक्ती-तुऱ्याचा सामना. शक्तीवाले शक्तीला थोर ठरवतात, तुरेवाले शिवाला, आणि पुराणातले पेच एकमेकांना घालतात. बुवाचा हजरजबाबीपणा आणि पाठांतर तिथे कसाला लागतं. ज्याला उत्तर सुचलं नाही त्याची वर्षभर टिंगल होते.

आता खर्च. तुमचा तालुका १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, पण नमनाचा पोशिंदा कुठलाच दरबार नव्हता. शिमग्यात पालखी निघते तेव्हा खेळे, म्हणजे नमन करणारे, हे देवाच्या कामाचाच भाग असतात. नाचणाऱ्याला पगार नसतो, ती त्याची सेवा असते. कपडे, मृदंग, बत्त्या हे सगळं गावकीच्या वर्गणीतून येतं. राजा मेला म्हणून किंवा बोलपट आला म्हणून हे बंद पडलं नाही, कारण राजावर आणि गल्ल्यावर ते विसंबून नव्हतंच.

त्यात भर घातली मुंबईने. कोकणातला बाप्या गिरणीत लागला, लालबाग-परळला गावकीच्या खोलीत राहू लागला आणि मृदंग बरोबर घेऊन गेला. परळला सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल १९२२ पासून होता. कामगारांची नाटकं, नमनं, शक्ती-तुऱ्याचे सामने यांचं ते हक्काचं घर झालं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं नालासोपारा-दिव्याला पांगली, तरी गावाच्या मंडळाने नाट्यगृहाची तारीख घ्यायची, चाकरमान्यांमध्ये तिकिटं खपवायची आणि उरलेला पैसा गावी पाठवायचा, ही चाल टिकली. त्या पैशांतून कुठे देवळावर कळस चढला, कुठे सभामंडप झाला, कुठे नळ आला. जर्मनीत गाव नाटकाला पोसतं. कोकणात कितीतरी ठिकाणी नाटकाने गावाला हातभार लावला.

आपल्याकडे पगारी मंडळी कुठेच नाही का?

आहे, पण तुमच्यापासून लांब. सिंधुदुर्गात दशावताराची धंदेवाईक मंडळं आहेत. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की त्यांची रोज रात्री एका गावी हजेरी. अमुक देवळाच्या जत्रेला अमुक मंडळ, हे कित्येक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मंडळात राजपार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट करणारे नेमलेले नट असतात. लिखित संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते आपसात बोलून घेतात आणि आपापल्या पेट्यांशी बसून, हातात आरसा धरून, प्रत्येकजण स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. कायमची मंडळी, ठरलेला हंगाम, ठरलेला पोशिंदा. जर्मन रंगमंदिराच्या रचनेच्या सगळ्यांत जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट हीच. तिथे नगरपालिका, इथे देवस्थान, एवढाच फरक.

दुसरी झाडीपट्टीची. गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज-वडसा हे त्या रंगभूमीचं ठाणं. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्रभर चालणारी नाटकं होतात. शंकरपट (बैलांच्या शर्यती) किंवा मंडई (जत्रा) असली की गावात पाहुणे उतरतात आणि नाटकाचं तिकीट काढतात. सरकारी अनुदानाची वाट न पाहता तिकिटावर उभी राहिलेली ही रंगभूमी आहे. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच नाटकवाल्यांनी झाडीपट्टीचं नाव प्रथम ऐकलं.

मग आपल्याला सरकारी रंगमंदिर हवं की नको?

तुम्ही हे विचारलेलं नाही, पण ओघात येतंच. माझं मत असं. श्रीवर्धनला वातानुकूलित नाट्यगृह बांधलं म्हणून नमन वाढणार नाही. नमन अंगणात, मांडावर, देवळासमोर होतं, आणि तिथे त्याला छत लागत नाही. पैसा लागतो तो माणसांत. मृदंग शिकवणारा जाणता माणूस आणि त्याच्याकडे महिनाभर बसायला तयार असलेली पोरं, ही खरी अडचण आहे. पूर्वी हे शिक्षण आपोआप होत असे, कारण पोरं गावात असत. आता दहावी झाली की ती पनवेल किंवा मुंबई गाठतात आणि शिमग्याला दोन दिवस येतात. मायनिंगनकडून घ्यायचंच झालं तर इमारतीऐवजी ही गोष्ट घ्यावी : शिकवणाऱ्याला बारमाही मोबदला. ग्रामपंचायत आणि देवस्थान यांनी मिळून एका मृदंगवाल्याचं मानधन ठरवलं, तरी निम्मं काम झालं.

एक धोका मात्र ओळखून असा. समुद्रकिनाऱ्यावर हॉटेलं वाढली की "पाहुण्यांसाठी वीस मिनिटांचं नमन" अशी मागणी येते. नमन काढून टाकून फक्त संकासूर नाचवला की फोटो चांगले येतात. पण देवांची नावं, गौळणीतली थट्टा आणि वगातले संवाद वगळल्यावर हातात फक्त पोशाख उरतो.

पाहुण्यांना दाखवायचं तर कसं?

शिमग्यातलं नमन गावाचं आहे. तिथे पाहुण्यांना घेऊन जाताना आधी गावकारांना विचारा, मागे बसवा आणि नमन चालू असताना दिवे मारून फोटो काढू देऊ नका. गौरी-गणपतीत बाल्या नाच पाहायला मिळेल, पण त्या दिवसांत आपल्याकडे पाऊस असतो, हे पाहुण्यांना आधीच सांगा. एरवी खास पाहुण्यांसाठी खेळ हवा असेल तर मंडळाला रीतसर सुपारी द्या आणि पूर्ण खेळाची द्या, तुकड्याची नको. एकट्याला झेपणार नाही. म्हणून तुमच्यासारख्या चार-पाच निवासवाल्यांनी मिळून हंगामात एक रात्र धरावी. बिदागी आधी ठरवावी, प्रवास, दिवाबत्ती आणि मंडळींचं जेवण वेगळं द्यावं, आणि त्या पैशांतून शिकवणाऱ्याचा वाटा बाजूला काढायला मंडळाला सांगावं. खर्च तुमच्या खोल्यांच्या भाड्यातून निघेल, आणि पुढच्या वर्षी तीच रात्र पुन्हा धरली तर गावच्या रंगभूमीला एक ठरलेला पोशिंदा मिळेल.